सातवीतली मुलगी आणि कठीण इंग्रजी शब्द: पाठ होतात, पण टिकत नाहीत

सातवीची_आई

नमस्कार मंडळी. मुलगी सातवीत आहे, वाचनाची आवड आहे. यंदापासून शाळेतून दर आठवड्याला 'ॲडव्हान्स्ड व्होकॅब्युलरी'ची यादी येते. डावीकडे शब्द, उजवीकडे एका शब्दात अर्थ, आणि आठवड्याच्या शेवटी चाचणी. चाचणीत तिला जवळजवळ पैकीच्या पैकी मिळतात, पण महिन्याभरानं तोच शब्द विचारला तर काही आठवत नाही. जे आठवतात ते निबंधात भलत्याच जागी येऊन बसतात. परवा मैत्रिणीबद्दल तिनं लिहिलं, 'माय फ्रेंड इज टॉल अँड इमेशिएटेड.' यादीत 'इमेशिएटेड: बारीक' एवढंच होतं, मग तिचं तरी काय चुकलं?

या वयात असे शब्द शिकवावेत का? शिकवायचे तर कुठले? आणि टिकवायचे कसे? माझं स्वतःचं इंग्रजी कामापुरतं आहे, तेव्हा घरी मला झेपेल असं सांगा.

पाचवी_ते_आठवी

ताई, मी याच वयाच्या मुलांना इंग्रजी शिकवते, बरीच वर्षं. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर ठाम 'हो' आहे. सहावी-सातवीत पुस्तकांची भाषाच बदलते. आधीचं वाचन बहुतांश बोलण्यातल्या शब्दांत असतं, आणि मग विज्ञानाचं पुस्तक एकदम 'इंडिकेट', 'कन्क्लूड', 'सिग्निफिकंट' असं बोलायला लागतं. मूल प्रयोग समजून घेतं आणि प्रश्नाच्या शब्दांत अडकतं. हुशार मुलं अशी अडकलेली पाहिली की मला फार वाईट वाटतं, कारण त्यांना वाटतं आपल्याला विज्ञानच जमत नाही.

म्हणून कुठले शब्द हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक आयझाबेल बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शब्दांचे तीन थर सांगितले आहेत. पहिल्या थरातले शब्द मूल ऐकूनच शिकतं: टेबल, रन, हॅपी. तिसरा थर एकेका विषयाचा, जसं फोटोसिंथेसिस किंवा आयसोसेलीस. ते त्या त्या धड्याबरोबर येतात आणि तिथंच शिकावेत. मधला थर मात्र कुणी नीट शिकवत नाही: रिलक्टंट (मनापासून तयार नसलेला), कन्सिस्टंट, कॉन्ट्रास्ट, मेन्टेन, असम्प्शन. हे शब्द गोष्टीत येतात, इतिहासात येतात, बातमीतही येतात. सगळी मेहनत इथं घाला.

न्यूझीलंडच्या अव्हेरिल कॉक्सहेड यांनी २००० साली शैक्षणिक शब्दांची एक यादी प्रसिद्ध केली. सुमारे ३५ लाख शब्दांचा मजकूर चाळून त्यांनी ५७० शब्दकुटुंबं (एक शब्द आणि त्यापासून झालेले शब्द) निवडली, आणि तेवढ्यानं त्या मजकुराचा साधारण १० टक्के भाग व्यापला. यादी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांसाठी आहे, पण तिच्यातले बरेच शब्द सातवीच्या पुस्तकात भेटायला लागतात. 'लोक्वेशस' (बडबड्या) शिकायला काहीच हरकत नाही, पण तो वर्षभरात एकदा दिसेल. 'कन्सिस्टंट' याच आठवड्यात दिसेल.

आता 'इमेशिएटेड'. मुलीला शब्द कळला नाही असं म्हणू नका, तिला तो अर्धाच दिला गेला. माझ्या वर्गात मी अर्थ सांगण्याआधी विचारते: असा माणूस कुठं दिसेल? कशानं असा झाला असेल? त्याला पाहून आपल्याला काय वाटेल? उपासमार, लांबलेला आजार, काळजी अशी उत्तरं आली की मुलं आपणहून सांगतात, 'बाई, मग हा मैत्रिणीला नाही लावायचा.' हे तीन प्रश्न तुम्ही मराठीतून विचारा. इंग्रजी कामापुरतं असलं तरी अडत नाही.

वहीत शब्दासमोर एकच अर्थ लिहू देऊ नका. शब्द ज्या वाक्यात भेटला ते वाक्य, त्याच्या सोबतीला येणारे शब्द, आणि तिच्या स्वतःच्या आयुष्यातलं एक वाक्य, एवढं हवं. 'रिलक्टंट'च्या पुढं 'टू' येतो, हे वाक्याशिवाय कळणार नाही. मग तिला विचारा, तू कशाला रिलक्टंट असतेस? एका मुलीनं मला उत्तर दिलं होतं, 'आय ॲम रिलक्टंट टू रेझ माय हँड.' तिच्याबद्दल जे मला इतके महिने कळलं नव्हतं ते त्या वाक्यानं सांगितलं. तो शब्द ती विसरणं शक्य नाही.

कुटुंबातले बाकीचे शब्दही सोबत घ्या: रिलक्टन्स, रिलक्टंटली. एकाच्या मेहनतीत तीन येतात.

शब्दकोश विद्यार्थ्यांसाठीचा घ्या, ज्याला लर्नर्स डिक्शनरी म्हणतात. १९७८ साली आलेल्या लॉंगमनच्या कोशात सगळे अर्थ सुमारे २००० सोप्या शब्दांतच लिहिले होते. नाहीतर एक कठीण शब्द शोधायला जावं आणि अर्थात आणखी दोन कठीण निघावेत, असं होतं आणि मुलं कोश उघडायचंच सोडतात.

पत्ते_आणि_पेटी

टिकवण्याबद्दल माझा अनुभव. मी आता कॉलेजात आहे, पण सातवीपासून छोट्या पत्त्यांवर (फ्लॅशकार्डांवर) शब्द लिहितो. जर्मन पत्रकार सेबास्टियन लाइट्नर यांनी १९७०च्या दशकात लोकप्रिय केलेली पद्धत आहे. पेटीत काही कप्पे करायचे. शब्द आठवला तर पत्ता पुढच्या कप्प्यात, नाही आठवला तर परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज काढायचा, दुसरा दोन-तीन दिवसांनी, तिसरा आठवड्यानं, पुढचे त्याहून उशिरा. फक्त पत्ता उलटण्याआधी उत्तर मोठ्यानं म्हणायला लावा. नुसतं वाचून 'हो, येतं मला' म्हणणं फसवं असतं, डोक्यातून शब्द बाहेर काढायला लागतो तेव्हाच तो बसतो. आणि पत्त्याच्या मागे वाक्य हवंच, वरच्या बाईंनी सांगितलंय तसं.

भाषांतरकार_ताई

बहुतेक सगळं पटलं. एका गोष्टीवर मात्र थोडं भांडेन. दुर्मिळ शब्दांची हौस असेल तर ती जपा. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना लांबलचक, भारदस्त शब्द जिभेवर घोळवायला मनापासून आवडतं, आणि त्या आवडीतून भाषेचं प्रेम येतं. सगळंच उपयोगाच्या तराजूत तोलू नये.

दुसरं, लॅटिन-ग्रीक मुळं दाखवा. 'रप्ट' म्हणजे तुटणं-फुटणं हे कळलं की इंटरप्ट, इरप्शन, अब्रप्ट एका ओळीत येऊन उभे राहतात, आणि इरप्शन तर भूगोलात भेटतोच. पण मुळावरून केलेला अंदाज कोशात तपासायची सवय लावा. 'इन्फ्लेमेबल'मधला 'इन' नकाराचा नाही. पेट घेणाऱ्या वस्तूलाच इन्फ्लेमेबल म्हणतात. असा अंदाज चुकला तर प्रसंगी धोका आहे.

सातवीची_आई

मनापासून आभार सगळ्यांचे. ते तीन प्रश्न आजच विचारून पाहिले, तिनं स्वतःच वाक्य बदलून 'स्लिम' केलं. पण शाळेची यादी आणि चाचणी तर येतच राहणार. तिचं काय करू? आणि वाचायला पुस्तकं किती कठीण द्यावीत?

पाचवी_ते_आठवी

यादी आली की तिच्याबरोबर बसा आणि मधल्या थरातले चार-पाच शब्द खूण करून घ्या. निवड तिला करू द्या: यातला कुठला तू दुसऱ्या विषयाच्या पुस्तकात पाहिलायस? तेवढे वहीत आणि पेटीत जातील, आणि भाषांतरकार ताई म्हणतात तसा एखादा निव्वळ आवडला म्हणूनही जाऊ द्या. बाकीचे चाचणीपुरते पाठ करू दे, नंतर विसरली तरी तिला बोलू नका.

पुस्तकाबद्दल: स्वतःहून आनंदानं वाचायचं तर शंभरातले ९८ शब्द ओळखीचे असावे लागतात, असं पॉल नेशन यांच्यासारख्या अभ्यासकांचं म्हणणं आहे. साधारण अडीचशे शब्दांचं पान घेतलं तर पाचेक अनोळखी शब्द चालतील. पंधरा अडले तर ते पुस्तक तिच्या शेजारी बसून वाचा, किंवा पुढच्या वर्षासाठी ठेवा.

एक राहिलं. शब्द कानावर पडू द्या. 'ॲनलाइज'मध्ये जोर सुरुवातीला आहे आणि 'अनॅलिसिस'मध्ये तो पुढं सरकतो. हे पाहून समजत नाही. ऑनलाइन कोशात उच्चाराचं बटण असतं, ते दाबून तिला दोन-तीनदा मोठ्यानं म्हणायला लावा. उच्चाराची खात्री नसली की मुलं वर्गात तो शब्द टाळतात, आणि मग लिहितानाही टाळतात.