'२१ दिवसांत शुगर गायब' : रील्सवर किती विसंबायचं?

मनवा_सांगली
माझ्या मावशीने (वय ५८) एक रील बघून शुगरच्या गोळ्या बंद केल्या. त्याऐवजी मेथीचं पाणी आणि जांभळाच्या बियांची पूड. तीन आठवड्यांनी उपाशीपोटी शुगर २९०! रीलमध्ये 'एचबीए१सी नॉर्मल' असा कागद दाखवला होता. ती तपासणी रक्तातल्या साखरेची जवळजवळ तीन महिन्यांची सरासरी सांगते. २१ दिवसांच्या उपचाराचा पुरावा ती कशी होईल? माझं मत ठाम आहे: रील बघून औषधाला हात लावू नये.

डोंगरवाट
सरसकट असहमत. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष 'ओआरएस' नावाने खपणाऱ्या गोड पेयांविरुद्ध वर्षानुवर्षं व्हिडिओ करत होत्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) अशा पेयांवर तो शब्द वापरायला मनाई केली. लेकीला जुलाब झाले की मीसुद्धा तसलाच टेट्रापॅक आणायचो. खोका उलटून साखर किती ते वाचायला मला व्हिडिओनेच शिकवलं. दवाखान्यात विचारायला दोन मिनिटं तरी मिळतात का?

मनवा_सांगली
त्यांचं मोल मान्यच आहे. पण त्या स्वतः डॉक्टर, नाव लावून बोलतात. मावशीच्या रीलखाली पुडीची किंमत आणि व्हॉट्सॲप नंबर होता.

कृष्णाकाठ
मीही डायबेटिक, म्हणून लिहितोय. गोळ्यांशिवाय शुगर आटोक्यात येऊच शकत नाही असं नाही. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' नावाच्या टाइप टू डायबेटिसवरच्या वैद्यकीय चाचणीत (२०१७) आहाराच्या गटातल्या ४६ टक्के लोकांना वर्षभरात ते जमलं. मला हे रीलमुळेच कळलं आणि मी डॉक्टरांशी बोललो. माणसांना इतकं अडाणी समजू नका, ताई.

मनवा_सांगली
अडाणी कोण म्हणतंय? मावशी निवृत्त शिक्षिका आहे. त्या चाचणीतल्यांचा आजार सहा वर्षांच्या आतला होता, इन्शुलिनवर कोणी नव्हतं, आधी काही महिने दिवसाला साडेआठशे कॅलरींच्या आसपासच आहार, आणि सगळं देखरेखीखाली. या अटी रीलमध्ये येतात का?

त्याच रीलखाली एका आईने विचारलं होतं, 'मुलगा नऊ वर्षांचा, टाइप वन, इन्शुलिन चालू आहे, चालेल का?' उत्तर होतं, 'हो, नक्की.' टाइप वनमध्ये शरीर स्वतः इन्शुलिन जवळजवळ बनवतच नाही; अशा मुलाचं इन्शुलिन थांबलं तर एकदोन दिवसांत जिवावर बेतू शकतं. ते वाचून माझे हातपाय गळाले. मी तिला लगेच लिहिलं, अजून उत्तर नाही.

डोंगरवाट
ही कमेंट भयंकर आहे. रीलची लिंक द्या, मीही रिपोर्ट करतो.