अनुभव धागा: युरोपातली माणसं ओरिओकडे कसं बघतात?

मंडळी, हा धागा काढायचं बरेच दिवस डोक्यात होतं. आपल्यातले जे युरोपात राहतात आणि ज्यांचं उठणंबसणं तिथल्याच लोकांत आहे, म्हणजे शेजारी, ऑफिसातली मंडळी, मुलांच्या मित्रांचे आईबाप, त्यांनी लिहा की ही माणसं अमेरिकन ओरिओ कसं खातात, खातात की नाही, आणि आपल्या गावच्या बिस्किटाबद्दल काय बोलतात. भारतात ओरिओ २०११ ला आलं आणि पोरांनी ते डोक्यावर घेतलं, त्यामुळे इथे आल्यावर मला वाटायचं की सगळीकडे तसंच असेल. तसं नाहीये. चव आवडली नावडली हा भाग आहेच, पण इथे प्रत्येक बिस्किटाची एक वेळ ठरलेली असते आणि सोबत काय प्यायचं तेही ठरलेलं असतं, आणि ओरिओला ती जागाच सापडलेली नाही असं माझं मत झालंय. पटत नसेल तर बिनधास्त खोडून काढा, पण स्वतः पाहिलेलं लिहा.

सुरुवात मीच करते.

हॅनोवर, जर्मनी

आमचं शहर म्हणजे बालसेनचं गाव. हेरमान बालसेनने १८८९ मध्ये इथे कारखाना काढला आणि १८९१ मध्ये लायबनित्स बिस्कीट आणलं, कडेला बरोब्बर ५२ दात असलेलं. नाव ठेवलं त्या तत्त्वज्ञ गणिती लायबनित्सचं, कारण तोही याच शहरात राहिला. आता या बिस्किटावर लोकांचा जीव किती आहे ते सांगते. कंपनीच्या इमारतीवर एक सोनेरी मुलाम्याचं मोठं बिस्कीट टांगलेलं होतं, जानेवारी २०१३ मध्ये लक्षात आलं की ते चोरीला गेलंय, मग पत्र आलं, सोबत फोटो, फोटोत लहान मुलांच्या कार्यक्रमातल्या त्या निळ्या कुकी मॉन्स्टरचा पोशाख घातलेला माणूस हातात ते बिस्कीट धरून उभा, आणि मागणी काय, तर मुलांच्या हॉस्पिटलात बिस्किटं वाटा! फेब्रुवारीत ते बिस्कीट युनिव्हर्सिटीसमोरच्या घोड्याच्या पुतळ्याच्या गळ्यात लाल फीत बांधून लटकवलेलं सापडलं, आणि कंपनीने ५२,००० पुडे संस्थांना दिले. अजूनही हे सांगताना इथल्या माणसांचे चेहरे खुलतात.

आमच्या ऑफिसच्या किचनमध्ये दुपारी तीनच्या कॉफीला ताटलीत लायबनित्स असतं, कधी प्रिंझेनरोले असते, म्हणजे दोन बिस्किटांत चॉकलेट क्रीम. कुणीतरी ओरिओ आणलं तर तरुण पोरं एखादं उचलतात. आमची एक सीनियर कलीग आहे, तिने एकदा चावून बघितलं आणि म्हणाली की बाहेरचं कडू, आतलं अतिगोड, आणि लोणी कुठेच नाही. हा मुद्दा इथे फार ऐकू येतो. लायबनित्सचं पूर्ण नावच ‘बटरकेक्स’, म्हणजे लोण्याचं बिस्कीट, आणि ओरिओच्या आतल्या पांढऱ्या थरात पामतेल आणि साखर, दूध नाहीच.

नांत, फ्रान्स

तुमचं हॅनोवर तसं आमचं नांत. इथे लेफेव्र-उतील घराण्याची बेकरी १८४६ पासूनची, त्या दोन आडनावांची आद्याक्षरं (L आणि U) म्हणजे लू हा ब्रँड. त्यांचं पती बर हे बिस्कीट १८८६ चं, म्हणजे तुमच्या लायबनित्सच्या आधीचं, आणि कडेचे दात यालाही ५२ च, चार कोपरे धरून. इथे लहान पोराला विचारा, ते सांगेल की ५२ आठवडे, ४ ऋतू आणि वरची २४ भोकं म्हणजे दिवसाचे तास. खायची पद्धतही ठरलेली, आधी चारही कान, म्हणजे कोपरे, कुरतडायचे, मग कडा, मग मधला चौकोन. माझा मुलगा शाळेत जायला लागल्यावर महिन्याभरात असंच खायला लागला, घरी कुणी शिकवलं नव्हतं.

शाळा सुटली की साडेचारला गुते असतो, म्हणजे मुलांचं मधल्या वेळचं खाणं. त्यात ब्रेडमध्ये चॉकलेटची वडी, नाहीतर पती बर, नाहीतर प्रिन्स किंवा बीएन ही बिस्किटं. बीएनवर हसरा चेहरा असतो. ओरिओ दिसतं, नाही असं नाही, पण बऱ्याच आया त्याला ‘रोजचं नाही’ म्हणतात. गंमत म्हणजे प्रिन्सही काही कमी गोड नाही! पण तो त्यांच्या स्वतःच्या लहानपणचा आहे, म्हणून चालतो. हे मला अगदी समजतं, पार्लेजीवर आपण कधी साखर मोजली का?

लूचा जुना कारखाना आता कलाकेंद्र आहे, त्याचा नक्षीदार मनोरा स्टेशनजवळच दिसतो. नांतला आलात तर जरूर बघा.

लंडनजवळ, इंग्लंड

इथे मामला सरळ आहे. ओरिओ चहात बुडवता येत नाही. बास.

जरा खुलासा करतो. तेव्हा ओरिओ ज्यांच्याकडे होतं त्या क्राफ्टने २००८ मध्ये इथे मोठी जाहिरात करून ओरिओ आणलं, पिळा, चाटा, दुधात बुडवा वगैरे टीव्हीवर शिकवलं. पण इथला मोठा माणूस थंड दुधाचा ग्लास घेऊन बसतच नाही, त्याच्या हातात दूध घातलेला चहाचा मग असतो. गरम चहात ओरिओ घातलं की क्रीम पातळ होतं आणि तळाशी काळा चुरा बसतो. डायजेस्टिव्ह त्याच मगात दोन सेकंद धरलं की नेमकं मऊ होतं, आणि ओट्सचं हॉबनॉब त्याहून जास्त तग धरतं, यावर आमच्या टीममध्ये खरोखर गंभीर चर्चा होतात. डायजेस्टिव्ह १८९२ चं, त्याची चॉकलेटवाली आवृत्ती १९२५ ची, आणि दुकानात आजही तिचेच पुडे आधी संपतात.

दुसरं म्हणजे यांच्याकडे बर्बन होतंच. पीक फ्रीन कंपनीने १९१० मध्ये लंडनच्या बर्मंडसी भागात काढलं, म्हणजे ओरिओच्या (१९१२) दोन वर्षं आधी. चॉकलेट बिस्कीट, मध्ये चॉकलेट क्रीम. त्यामुळे ओरिओ आलं तेव्हा ‘हे काय नवीन’ अशी प्रतिक्रिया होती. मी आमच्या मॅनेजरला सांगितलं की भारतात ब्रिटानियाचं बर्बन खाऊन आम्ही लहानाचे मोठे झालो, तर त्यांना इतका आनंद झाला की पुढच्या मीटिंगला त्यांनी मुद्दाम बर्बनच आणलं.

स्विंडन, इंग्लंड

आमी मूळचे गोव्याचे, डिचोलीकडचे. इथे गोंयकार खूप आहेत, पोर्तुगीज पासपोर्टवर आलेले, आणि पोर्तुगीज शेजारीही आहेत. त्यांच्या घरात मारी बिस्कीट हवंच, त्याला ते बोलाशा मारिया म्हणतात. ही मारीसुद्धा मूळ त्या बर्मंडसीच्या पीक फ्रीनचीच, १८७४ मध्ये रशियाच्या राजकन्येचं लग्न इंग्लंडच्या राजपुत्राशी झालं तेव्हा तिच्या नावाने काढलेली. तिथून स्पेन पोर्तुगालला गेली आणि त्यांचीच झाली.

आमच्या घरी सणाला सेरादुरा करतात. क्रीम घट्ट फेटायचं, त्यात कंडेन्स्ड मिल्क, आणि मारीचा अगदी बारीक चुरा, लाकडाच्या भुशासारखा, थरावर थर. माझ्या मुलीने गेल्या नाताळात मारीऐवजी ओरिओचा चुरा घालून केलं. पोरांनी वाटी चाटून पुसून संपवली. पण शेजारच्या पोर्तुगीज आजींनी दोन चमचे घेतले आणि प्रेमाने सांगितलं, बाय गो, हे छान आहे पण हे सेरादुरा नव्हे, यात दुधाची चव कोकोखाली गेली. मला ते पटलं. मारी फिकी असते म्हणूनच क्रीम बोलतं.

वायादोलिद, स्पेन

धागाकर्तीशी मी पूर्ण सहमत नाही. स्पेनमध्ये ओरिओ चांगलं रुळलंय. मुलांच्या वाढदिवसाला ओरिओचा केक, आइस्क्रीमच्या दुकानात ओरिओ, सुपरमार्केटच्या स्वतःच्या ब्रँडची डिट्टो तशीच काळी बिस्किटं. गुयोन कंपनीच्या अशाच एका बिस्किटाच्या वेष्टनावरून भांडण थेट युरोपियन युनियनच्या जनरल कोर्टात गेलं आणि २०२० मध्ये निकाल ओरिओच्या बाजूने लागला. कुणी विचारत नसतं तर एवढी नक्कल कशाला केली असती?

पण सकाळचा नाश्ता मात्र मारियाचाच. कोला काओ, म्हणजे कोकोची पावडर, घातलेलं गरम दूध, त्यात एकावर एक ठेवलेल्या दोन मारिया एकदम बुडवायच्या. इथून उत्तरेला आगिलार दे कांपोओ नावाचं गाव आहे, बिस्किटाचा वास येणारं गाव म्हणूनच ओळखतात, आणि खरंच वास येतो. २००२ मध्ये तिथला फोंतानेदाचा कारखाना मालक कंपनी बंद करणार म्हटल्यावर लोक रस्त्यावर उतरले, बाकी ठिकाणच्या लोकांनीही पाठिंबा दिला, आणि शेवटी दुसऱ्या कंपनीने कारखाना घेऊन काम चालू ठेवलं. ओरिओचा कारखाना बंद पडला तर इथे कोण रस्त्यावर उतरेल? मला नाही वाटत कुणी.

अजून एक, ‘इम्पोर्टेड अमेरिकन’ म्हणतो खरं, पण युरोपात विकलं जाणारं ओरिओ बहुतेक युरोपातच बनतं, स्पेनमध्येसुद्धा. आणि ज्या माँडलीझचं ओरिओ त्याच कंपनीकडे फ्रान्सचं लू आहे. म्हणजे शेल्फवर दोघं शत्रू वाटतात, पैसा एकाच खिशात.

हॅनोवर (धागाकर्ती)

वायादोलिदकर, मुद्दा मान्य, पण बघा ना, तुम्ही सांगितलेल्या सगळ्या जागा केक आणि आइस्क्रीमच्या आहेत. नुसतं बिस्कीट म्हणून कुठे आहे?

बोलोन्या, इटली

इथे तर बिस्कीट म्हणजे नाश्ताच. आमच्या घरमालकीणबाई सकाळी मोठ्या वाडग्यात कॉफी घातलेलं दूध घेतात, त्यात पाचसहा बिस्किटं मोडून टाकतात आणि चमच्याने खातात, आपण दूधपोळी खातो तसं. त्यासाठी पाकिटंही मोठी असतात, पान दी स्तेल्ले (प्रत्येक बिस्किटावर ११ पांढऱ्या चांदण्या), माचिने, गोच्चोले. ओरिओची १५४ ग्रॅमची नळी या हिशोबात दोन दिवस पुरणार नाही आणि किलोमागे महाग पडते ते वेगळंच. शिवाय क्रीमवाल्या बिस्किटात यांचं रिंगो १९६७ पासून आहे, एक बाजू पांढरी, एक काळी.

बाईंना ओरिओ देऊन बघितलं. त्यांनी पुडा उलटा करून आधी घटकपदार्थ वाचले, अंडं नाही, दूध नाही, लोणी नाही, मग मान हलवली आणि परत दिलं. खाल्लंच नाही!

उत्रेख्त, नेदरलँड्स

डच लोकांचं ऐकलंच असेल, कॉफीबरोबर एक बिस्कीट देतात आणि डब्याचं झाकण लागतं. हे खरं आहे, विशेषतः वयस्कर लोकांत. पण त्यामुळेच ते एक बिस्कीट नीट निवडलेलं असतं. स्ट्रोपवाफल, म्हणजे मध्ये पाक भरलेली पातळ वाफल, असेल तर गरम कपावर झाकणासारखं ठेवायचं, वाफेने आतला पाक सैल होतो, मग खायचं. स्पेक्युलास बिस्किटात दालचिनी, लवंग, जायफळ. माझ्या सासूबाई नागपूरहून आल्या होत्या तेव्हा म्हणाल्या, अगं हा तर आपला मसाला! मसाला आपल्याच बाजूच्या समुद्रातून डच जहाजांनी आणलेला, तेव्हा बरोबरच आहे त्यांचं. एकच घ्यायचं तर ओरिओ कशाला, असा इथला विचार.

आणि एक सांगायलाच हवं. ओरिओचा तो काळा रंग येतो अल्कलीची प्रक्रिया केलेल्या कोकोतून, आणि ती प्रक्रिया १९व्या शतकात व्हान हाउटेन या डच माणसाचीच. शेजाऱ्यांना सांगितलं तर एकदम खूष, म्हणाले मग निम्मं आमचंच की. तरी डब्यात ठेवलं नाही ते नाहीच.

योतेबोरी, स्वीडन

मी थोडक्यात लिहिते. इथे फिकाला, म्हणजे कॉफीच्या सुट्टीला, घरचं दालचिनीचं बन नाहीतर बॅलेरिना बिस्कीट, हेझलनटचा नूगा भरलेलं, मूळ आमच्याच भागातल्या कंपनीचं. आधीच्या काळी पाहुण्यांसमोर सात प्रकारची घरगुती बिस्किटं मांडायची रीत होती, आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू अजून नाताळात सातही करतात, आणि त्यांच्या घरी मी कधीच ओरिओ पाहिलं नाही. पण त्यांच्याच फ्रिजच्या वर माराबू या इथल्या चॉकलेट ब्रँडचं ओरिओ घातलेलं चॉकलेट असतं! विचारलं तर म्हणाल्या ते चॉकलेट आहे, बिस्कीट नाही, ते शनिवारी खायचं. तेव्हा धागाकर्ती, वेळ सापडली की नाही ओरिओला? शनिवार, टीव्हीसमोर, आणि तेही माराबूच्या पोटात.

पोलंड, हंगेरी, ग्रीसमधलं कुणी आहे का? लिहा ना, मला झेक आणि पोलिश वेफर्सबद्दलही वाचायचंय, ऑफिसात एक प्रागची मुलगी दर सुट्टीनंतर पिशवीभर आणते आणि ओरिओला हातही लावत नाही.