मुनीर अल हद्दादी स्पेनकडून खेळून मोरोक्कोकडे कसा गेला?

प्रश्न: फुटबॉलपटू मुनीर सप्टेंबर २०१४ मध्ये स्पेनकडून मॅसेडोनियाविरुद्ध युरो (युरोपातल्या देशांची स्पर्धा) पात्रता सामन्यात उतरला होता. मग २०२१ मध्ये वडिलांच्या देशाकडून, मोरोक्कोकडून, कसा खेळू शकला? मैत्रीपूर्ण सामन्याचं बंधन नसतं हे ठाऊक आहे, पण हा तर अधिकृत सामना होता.

उत्तर १: ७७व्या मिनिटाला बदली म्हणून आला आणि जुन्या नियमाप्रमाणे तेवढ्यानेच स्पेनशी अडकला. २०१८ मध्ये क्रीडा लवादानेही देश बदलण्याचा अर्ज फेटाळला, त्यामुळे विश्वचषक हुकला. फिफाने सप्टेंबर २०२० मध्ये नियम सैल केला. आता जुन्या देशाकडून वरिष्ठ संघात जास्तीत जास्त तीन सामने चालतात, मैत्रीपूर्ण धरून. शेवटचा अधिकृत सामना वयाची २१ वर्षं पूर्ण होण्याआधीचा हवा, वरिष्ठ संघातल्या शेवटच्या सामन्याला तीन वर्षं उलटलेली हवीत. विश्वचषक किंवा खंडीय स्पर्धेच्या मुख्य फेरीत एक मिनिट जरी खेळलात तर दार बंद. एकोणीस वर्षांच्या पोराला तेरा मिनिटांसाठी जन्मभर बांधणं अन्यायच होता.

उत्तर २: लोक एक अट विसरतात: पहिल्या अधिकृत सामन्याच्या वेळीच दुसरं नागरिकत्व हातात हवं. नंतर काढलेला पासपोर्ट इथे उपयोगाचा नाही. शिवाय अर्जाचा निकाल लागेपर्यंत दोन्हीपैकी कुठल्याच संघाकडून खेळता येत नाही.

उत्तर ३: भारतासाठी हा रस्ता नाही, कारण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्वच नाही. परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. पुणे एफसीच्या इझुमी अराताला जपानी नागरिकत्व सोडावं लागलं, तेव्हा कुठे २०१३ मध्ये तो भारताकडून खेळला.