आयपीएल लिलाव: खेळाडूच्या हिताचा की संघमालकांच्या सोयीचा?

पार्कमैदानकर:
२०२३च्या डिसेंबरात आपला क्रिकेटपटू अर्शिन कुलकर्णी आयपीएल लिलावात लखनौ संघाकडे गेला. सगळ्या सोलापूरला आनंद झाला, मलाही. पण त्याला मिळाले २० लाख, म्हणजे तेव्हाची बेस प्राइस, बोली जिथून सुरू होते ती किमान किंमत. लिलावात एकाच संघाने बोली लावली की गडी तिकडेच जाणार. दुसऱ्या संघाशी बोलणी करायची सोय नाही. परदेशी लीग म्हणाल, तर निवृत्त होईपर्यंत भारतीय पुरुष खेळाडूला बीसीसीआय एनओसी, म्हणजे तिकडे खेळायची परवानगी, देत नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीतला यंत्रमाग कामगारसुद्धा मजुरी पटली नाही तर शेजारच्या कारखान्यात जातो. २०२३ ते २०२७चे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना गेले, म्हणजे वर्षाला साडेनऊ हजार कोटींच्या वर. आणि २०२५ला दहा संघांची पर्स, म्हणजे खेळाडूंवर खर्च करायची मर्यादा, मिळून १,२०० कोटी. मॅच फी वेगळी धरली तरी वाटा किती तोकडा! अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये उत्पन्नाचा जवळपास निम्मा हिस्सा खेळाडूंचा असतो.

विजापूरवेस:
असं नसतंय ओ अण्णा. २०२४च्या जानेवारीत सोलापूरच्या पार्क मैदानावर रणजी सामना झाला. नव्या रणजी खेळाडूची फी दिवसाला ४० हजार, म्हणजे चार दिवसांचे एक लाख साठ हजार. लिलाव नसता तर या पोरांना विचारलं असतं कुणी? ऋषभ पंतला २७ कोटी लिलावानेच दिले. पर्सची मर्यादा काढा, श्रीमंत मालक सगळे चांगले गडी उचलतील. एकतर्फी सामने कोण बघणार?

पार्कमैदानकर:
अमेरिकेतल्या बेसबॉल संघांचे मालकही हेच सांगायचे. सायमन रॉटनबर्ग या अर्थतज्ज्ञाने १९५६लाच दाखवलं की खेळाडूला बांधून ठेवलं तरी तो शेवटी जिथे त्याचं मोल जास्त त्याच संघात पोचतो, कारण मालक आपसांत सौदे करतात. फरक एवढाच की पैसा खेळाडूऐवजी मालकाच्या खिशात जातो. १९७५ला लवादाने दोन पिचर, म्हणजे चेंडू फेकणारे खेळाडू, संघाच्या बंधनातून मोकळे केले, बेसबॉल लीग काही बुडाली नाही. आता आपलं बघा: ऑस्ट्रेलियाच्या कॅमेरॉन ग्रीनवर बोली २५.२० कोटींची, त्याच्या हातात १८. मिनी, म्हणजे दोन मोठ्या लिलावांच्या मधल्या, लिलावात परदेशी खेळाडूला तेवढीच मर्यादा, वरचे पैसे बोर्डाच्या कल्याण निधीत.

माळशिरसकर ताई:
दोघंही वरच्याच आकड्यांवर भांडताय. आपल्या जिल्ह्यातली किरण नवगिरे २०२३ला महिलांच्या लीगमध्ये यूपी वॉरियर्झ संघाकडे ३० लाखांना गेली. तेव्हा महिला संघाची अख्खी पर्स १२ कोटी होती. ही पर्स, ही बेस प्राइस ठरवताना खेळाडूंच्या बाजूने टेबलावर बसतं कोण? कुणीच नाही. आपल्याकडची खेळाडूंची संघटना फक्त निवृत्तांची आहे. एनबीएत निम्मा वाटा मिळतो तो युनियनने करार करून घेतलाय म्हणून, आणि पगाराची मर्यादा तिथेही आहेच. लिलाव ठेवा नाहीतर काढा, खेळणाऱ्यांची युनियन आधी पाहिजे.

विजापूरवेस:
ताई, युनियनला माझा विरोध नाही. पण आज बीसीसीआयच्या विरोधात सही कोण करणार? ज्याची निवड व्हायचीय तो तर नक्कीच नाही.

माळशिरसकर ताई:
ज्यांची जागा पक्की आहे त्यांनी करावी. २७ कोटीवाल्याला कोण संघाबाहेर काढतंय?