रफाएल कुबेलिक ऐकायला सुरुवात कुठून करू?

कोमल_निषाद:
नमस्कार मंडळी, मी ख्याल-ठुमरी ऐकत वाढलेय, सिम्फनी वगैरेत अगदीच नवखी. परवा कुबेलिकने कंडक्ट केलेलं 'व्लतावा' कानावर पडलं, दोन बासऱ्या हळूच सुरू होतात नि बघता बघता त्याची मोठ्ठी नदी होते, रात्री तीनदा ऐकलं. ह्यांचं अजून काय ऐकू? आणि माणूस कसा होता तेही सांगा ना.

दिठी:
अहो, ती नदी म्हणजे चेक संगीतकार स्मेतानाच्या 'मा व्लास्त' ह्या वाद्यवृंद-रचनेचा, म्हणजे 'माझा देश'चा, सहापैकी दुसरा भाग. आता सहाही सलग ऐका, सव्वा तास काढा, आणि १९९० चं प्रागचं लाइव्हच घ्या. का ते सांगतो. व्हायोलिनवादक यान कुबेलिकचा हा मुलगा, तिशीच्या आत चेक फिलहार्मोनिकचा प्रमुख झाला, नाझी अंमलातही मान तुकवली नाही. १९४८ मध्ये कम्युनिस्टांनी सत्ता घेतली आणि त्याच वर्षी एडिंबरोला मोत्सार्टचा ऑपेरा करायला म्हणून हा गेला तो परतलाच नाही. मग शिकागो, लंडन, म्युनिक. संधिवातामुळे १९८५ च्या सुमारास काम थांबवलं होतं, पण राजवट गेली आणि १९९० च्या मे महिन्यात हा ४२ वर्षांनी त्याच ऑर्केस्ट्रासमोर उभा राहिला, तेही 'माझा देश' घेऊन! शेवटच्या 'ब्लानिक'ला माझे डोळे दरवेळी भरतात.

सरोद७२:
दिठींशी सहमत, पण नवख्या कानाला मी त्याच 'माझा देश'चं १९७१ चं बोस्टनच्या ऑर्केस्ट्राबरोबरचं आधी देईन, रेकॉर्डिंग जास्त स्वच्छ आहे. आणि हेडफोन लावाच, कारण कुबेलिक पहिली नि दुसरी व्हायोलिनं समोरासमोर बसवायचा, एक डावीकडे एक उजवीकडे, त्यामुळे सवाल-जवाब नीट कळतात, तुम्हाला जुगलबंदीची सवय आहे म्हणजे लगेच पकडाल. त्यानंतर बर्लिन फिलहार्मोनिकबरोबरची द्वोर्झाक ह्या चेक संगीतकाराची आठवी सिम्फनी. मग संगीतकार मालरची पहिली सिम्फनी, म्युनिकच्या बव्हेरियन रेडिओ ऑर्केस्ट्राबरोबरची, पण ती महिनाभराने, घाई नको.

दिठी:
आणि तो संगीतकारही होता हे विसरू नका, ऑपेरा लिहिले, पहिली बायको १९६१ मध्ये गेली तिच्या स्मरणार्थ रेक्विएम, म्हणजे मृतांसाठीचं प्रार्थना-संगीत, लिहिलं. ही बाजू फार कमी वाजते, वाईट वाटतं.

कोमल_निषाद:
किती छान सांगितलंत दोघांनी! सरोददादा, आज बोस्टन ऐकते. १९९० चं रविवारी, आईबाबांना घेऊन बसणार.