आर्थर डेव्हिसचे लिथोग्राफ: सिम्बॉलिझम की नुसती पळवाट?

दगडशाई: अमेरिकन चित्रकार आर्थर बी. डेव्हिसचं नाव निघालं की सगळे १९१३ च्या आर्मरी शोवर, म्हणजे न्यूयॉर्कमधल्या आधुनिक कलेच्या त्या प्रदर्शनावरच थांबतात. मातीस, द्युशां वगैरे मंडळी न्यूयॉर्कच्या लोकांसमोर आणणारा संघटक एवढीच ओळख, आणि त्याने स्वतः केलेले लिथो (दगडावर खडूने काढून कागदावर छापलेली चित्रं) कुणी धड बघतच नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. विवस्त्र बायका, डोंगर, धूसर उजेड, गोष्ट अशी काहीच नाही. पण जवळून बघा ना. तेलकट खडू दगडावर हलक्या हाताने फिरवला की फक्त बारीक उंचवट्यांवर बसतो, मधे मधे कागद पांढराच राहतो, आणि डेव्हिस खांद्याची, पाठीची कड त्या दाण्यांतच विरू देतो, अंग कुठे संपलं नि हवा कुठे सुरू झाली कळतच नाही. त्याचा सिम्बॉलिझम, म्हणजे दिसतं ते तसंच न काढता मनातलं काही सुचवणं, विषयात नाहीये, त्या कडेत आहे.

मुठाकाठ: अजिबात पटलं नाही. दाणे कुठल्याही खडूच्या लिथोत दिसतात, त्यात डेव्हिसचं काय? त्याच शहरात १९१७ मध्ये चित्रकार जॉर्ज बेलोज 'अ स्टॅग ॲट शार्कीज'चा लिथो करत होता, दोन बॉक्सर एकमेकांवर तुटून पडलेत, खाली गर्दी ओरडतेय, आणि पुढच्याच वर्षी त्याने युद्धातले अत्याचार काढले. माध्यम तेच! डेव्हिसच्या बायकांना ना नाव, ना काम, ना धड चेहरा. याला पळवाट नाही तर काय म्हणायचं?

दगडशाई: अहो मग फ्रेंच चित्रकार रेदोंलाही हाच जाब विचारा. त्यानेही लिथोत स्वप्नंच काढली, आणि आर्मरी शोमध्ये त्याची कितीतरी कामं होती. रस्त्यावरचं जगणं काढलं तरच चित्र खरं, हा हट्ट कशाला?

मुठाकाठ: रेदोंच्या स्वप्नात भीती आहे हो, तरंगणारा डोळा बघून पोटात गोळा येतो. डेव्हिसकडे सगळं गोडच.

निळीरेघ: मधे पडते. डेव्हिसच्या शेवटच्या वर्षांतली इन्हलेशन थिअरी लक्षात घ्या, ग्रीक शिल्पातली माणसं श्वास आत घेतानाच्या क्षणी घडवलीत असं तो मानायचा. म्हणून त्याच्या आकृत्यांची छाती उचललेली असते, टाचा जमिनीला टेकल्यासारख्या वाटत नाहीत. एकटी आकृती असली की हे जमतं, ओळीने सात-आठ जणी उभ्या केल्या की पार कवायत होते.

मुठाकाठ: थिअरी समजावून सांगावी लागली की चित्र तिथेच पडलं. माणसाची नजर जबरदस्त होती हे मान्य, त्याच्याच सल्ल्याने संग्राहक लिली ब्लिसने घेतलेल्या चित्रांवर मोमा या न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या संग्रहाचा पाया उभा राहिला. पण ती नजर दुसऱ्यांची चित्रं निवडताना जेवढी कडक होती तेवढी स्वतःच्या दगडावर नव्हती.

दगडशाई: कडक नव्हतीच, आणि मला तेच हवंय. बेलोजच्या चित्रासमोर मी अर्ध्या मिनिटात सगळं बघून मोकळा होतो, इथे त्या करड्या रंगात डोळा बराच वेळ काहीतरी शोधत राहतो.