मदत हवी आहे: आई एकटी गोव्याहून लिस्बनला जातेय, प्रवासाचे खरे तास किती?

नमस्कार मंडळी,

आम्ही डिचोलीचे. धाकटी बहीण लिस्बनला असते. जानेवारीत तिचं बाळंतपण आहे, म्हणून आई जाणार आहे, तेही एकटी. आईला मधुमेह आहे आणि रात्री ठरल्या वेळी इन्सुलिन असतं. त्यामुळे नेमके तास कळायला हवेत.

नकाशावर सरळ अंतर सुमारे ८,३०० किमी दिसतं. ताशी ८५०-९०० किमी वेग धरला तर सव्वानऊ ते पावणेदहा तास. पण थेट विमान नाही. एजंटने दाखवलेलं एक तिकीट दोहावरून आहे: पहाटे ४ ला निघून त्याच दुपारी दीडला लिस्बन. मध्ये विमान बदलूनही साडेनऊच तास? दुसरं मुंबई-फ्रँकफर्टवरून, थोडं स्वस्त. आईला कमी त्रास कशात होईल? आणि इन्सुलिन कुठल्या घड्याळाप्रमाणे घ्यायचं?

प्रतिसाद १
तिकिटावर सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ त्या त्या गावची असते. हिवाळ्यात लिस्बन आपल्या साडेपाच तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेचार. म्हणजे जानेवारीत तुमच्या साडेनऊत साडेपाच मिळवा: एकूण १५ तास. येताना हेच उलट, घड्याळ प्रवास लांबलेला दाखवेल. प्रत्यक्षात पश्चिमेकडून येणारा वारा पाठीशी असल्याने परतीचं उड्डाण सहसा थोडं लवकर होतं.

दोहा जवळजवळ वाटेवरच आहे, अंतर ५० किमीसुद्धा वाढत नाही. फ्रँकफर्टवरून साधारण ५०० किमी जास्त पडतात, तेही फार नाहीत. खरा फरक विमानं किती वेळा बदलायची याचा. दोहाला एकदा, दुसरीकडे मुंबई आणि फ्रँकफर्ट असं दोनदा. त्यात मुंबईपर्यंतचं तिकीट वेगळं काढलेलं असेल तर सामान उतरवून पुन्हा चेक-इन करावं लागतं. एकट्या बाईमाणसाला, तेही या वयात, मी ते सांगणार नाही. थोडे पैसे जास्त गेले तरी दोहाच घ्या आणि व्हीलचेअर तिकिटासोबतच मागून ठेवा. नुसतं चालण्यासाठी नाही, पुढच्या गेटपर्यंत सोबत माणूस मिळतो.

प्रतिसाद २
पश्चिमेला जाताना दिवस लांबतो, त्यामुळे दोन डोसांमधलं अंतर वाढतं. मात्रा स्वतःहून बदलू नका. जातानाचं आणि येतानाचं वेळापत्रक घेऊन डॉक्टरांकडे जा, ते तास बघून लिहून देतील. इन्सुलिन हातातल्या बॅगेतच हवं. खालच्या सामानात थंडीने गोठलं तर निकामी होतं. सोबत इंग्रजीत चिठ्ठी आणि खायला काहीतरी गोड.

मूळ प्रश्नकर्ता
मनापासून आभार. दोहाचंच काढतो, सोमवारी डॉक्टरांकडे जातो. गोव्यात विमानतळ दोन, मग विमान मोपाहून की दाबोळीहून, हे कुठे कळेल?

प्रतिसाद १
तिकिटावरचा कोड पाहा. जीओएक्स म्हणजे मोपा, जीओआय म्हणजे दाबोळी. डिचोलीहून मोपा जवळ पडेल. तरी पहाटेचं विमान आहे, टॅक्सी आदल्या दिवशीच सांगून ठेवा.